मिलकाबाईंचे माप

टक्!

खाडीकाठच्या खारशेत गावी, यहुदी मिलकाबाईंच्या ओटीवर त्यांच्याच समाजाचे साधुपुरुष हसाजी महाराज डोळे मिटून बसले होते. घर शांत होते. तेवढ्यात माजघरातून हा आवाज आला. लाकडी माप रांजणाच्या तळाला लागले होते.

"किती आहे गं, बाई?" महाराजांनी विचारले.

"असेल आपल्या जुन्या मापाने जेमतेम एक एफा तांदूळ, महाराज."

उधाणाने गावाचा बांध फोडला होता. खारे पाणी घराघरांत शिरून धान्य नासले होते. पुढच्या भरतीआधी बांध बुजला नाही, तर सारी भातशेती मिठाला जाणार होती. माणसे उपाशीपोटी माती वाहत होती, आणि एकेक जण खाली बसू लागला होता. त्यांना शिधा द्यायचे मिलकाबाईंच्या मनात होते.

महाराज म्हणाले, "आपल्या पूर्वजांना रानात देवानं आभाळातून मान्ना दिला, तो माणशी एक ओमेर, एका दिवसाचं अन्न. तूही तेवढाच दे."

धान्याचे व्यापारी एल्लोजीशेट अंगणातूनच हसले. "अगं मिलके, एफात ओमेर मावतात दहा! बांधावर अख्खा गाव आहे. ओमेराने मोज, नाहीतर ग्रीकांच्या त्याहून लहान खोयनिक्साने मोज. तांदूळ काय वाढणार आहे?"

बाईंनी बांधावरच्या माणसांना बोलावून दारापुढे रांग लावली. त्यांनी पहिले माप भरले. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नसते, म्हणून त्या म्हणाल्या, "लाभ."

दुसरा माणूस पुढे आला. "लाभ."

तिसरा आला. "लाभ."

"घ्या! हिला दोनसुद्धा येत नाही!" शेट ओरडले.

बाई ओशाळल्या. "असं कसं, शेटजी? ज्याला देते, त्याचं तर ते पहिलंच माप ना?"

महाराजांनी डोळे उघडले. "मोज, बाई. तुझं पहिलंच माप चाललंय."

आणि काय सांगावे! रांग सरकत राहिली, माप रांजणात जात राहिले, पण तळाचा आवाज काही येईना. शेट वाकून वाकून आत पाहू लागले. शिधा घरी पोचला, चुली पेटल्या, जेवलेले हात पुन्हा मातीला लागले. भरती आली ती बांधाला धडकून परतली.

एल्लोजीशेटांनी पागोटे उतरवले. महाराजांपुढे मान लववून ते बाईंकडे वळले आणि ओंजळ पुढे केली. "मिलकाबाई, मलाही द्या."

"लाभ," बाई म्हणाल्या.

पदराला धरून उभी असलेली त्यांची धाकटी लेक हे सगळे पाहत होती. तिने विचारले, "आई, तू सगळ्यांना मोजून दिलंस. तुला कोण मोजून देतं?"

मिलकाबाईंनी माप तिच्या हातात दिले आणि स्वतःची ओंजळ पुढे केली.