आनसाआजीची ताजी ओवी

फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्या हरळखिंड गावात आनसाआजी राहायची. निखळलेलं हाड बसवावं तर तिनंच, असं चार खोऱ्यांतले लोक म्हणायचे. माणसं कुणाच्या पाठुंगळी विव्हळत यायची आणि हसत घरी जायची. आजी कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. "हात माझे, गुण रवळनाथाचा," म्हणायची.

तिची रीत वेगळीच होती. आधी ती कोमट एरंडेल चोळायची आणि मग दुखणाऱ्याला आपल्याबरोबर देवाची आळवणी म्हणायला लावायची. 'रवळनाथा, धाव रे' यातला 'धाव' फार उंच जायचा. तो गाठताना माणसाचा श्वास मोकळा व्हायचा, अंग सैल पडायचं, आणि नेमकं तेव्हाच आजी हाड ओढून बसवायची. तिचा सूर ऐकायला नदीसुद्धा वळणावर थबकायची, असं म्हणतात.

एके दिवशी आजीची नात सगुणा फणसावरून पडली आणि तिचा खांदा निखळला. आईवेगळ्या सगुणेला आजीनंच वाढवलं होतं. दिवस मावळायच्या आत खांदा बसला नाही, तर सूज चढणार आणि हात जन्माचा लुळा राहणार, हे आजीला पक्कं ठाऊक होतं.

आजीनं एरंडेल चोळलं, आळवणी सुरू केली. पण 'धाव' आला आणि सगुणेचं अंग लाकडासारखं ताठ झालं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पोर किंचाळली.

"आज्जे, धाव म्हटलं की तू ओढतीस. मला ठावं हाय की!"

ठावं असणारच. लहानपणापासून ती आजीच्या शेजारी बसून तेलाची वाटी धरत आली होती.

अंगणात गाव जमलं होतं. शेजारची तुळसाकाकू म्हणाली, "गावाची हाडं बसवली, अन् घरचं बसंना व्हय?"

आजीच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण देवाचं नाव घेतलं, की देवाच्या नावानं माणसांना फसवलं? गुण खरंच त्याचा होता का? ऊन अंगणातून कुंपणावर चढलं. आजी देवळाकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली. "देवा, जुनं सगळं हिला पाठ आहे. हिनं न ऐकलेलं काहीतरी दे. एवढं एकदाच."

मग ती सगुणेजवळ बसली, खांद्यावर हात ठेवला आणि कुणी कधी न ऐकलेली ओवी तिच्या तोंडून निघाली:

कोंबड्याला भिऊन नात माझी पळाली,
कणगीत बसून तिनं अंडी की घातली!

तुळसाकाकूलाच आधी हसू फुटलं. "अगं बाई, खरंच की! लहानपणी धान्याच्या कणगीत लपली होती, अन् आम्ही दिवसभर शोधत होतो हिला!"

"आज्जे, अंडी कुठं घातली मी?" म्हणत सगुणा रडता रडता खदखदून हसली. हसताना अंग सैल पडलं, नेमकं तेव्हाच आजीनं हात ओढला आणि खांदा खट्कन जागेवर बसला. तो आवाज पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला आणि देवळातली घंटा कुणी न हलवता वाजली, असं म्हणतात. सगुणेनं हात वर केला, आजीच्या गळ्यात टाकला. आजी नुसती त्या हातावरून हात फिरवत राहिली.

पुढं आजीनं प्रत्येकासाठी ओवी नवी रचली. ती गेल्यावर सगुणेनंही तेच केलं.

आता हरळखिंडीत हाड मोडलं की लोक तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण गाडी येईपर्यंत दुखणाऱ्याभोवती सगळे जमतात आणि त्याच्यावर ताजी ओवी रचतात. आजीच्या तिथीला तर देवळापुढं घराघरातून एकेक ओवी म्हटली जाते. ती नवीच हवी. कुणी गेल्या सालची म्हटली, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सारं गाव ओरडतं, "बसलं नाही! बसलं नाही!" आणि त्या माणसाला तिथंच उभ्या उभ्या दुसरी रचावी लागते.