चकचकीत चाकं

गाड्या आपल्या माणसांशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. हेमांगी चौबळकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती. दर रविवारी दोघी घाटात भटकायला जात. एकदा खड्ड्यात आपटून गाडीची चाकं वाकली, म्हणून नवी घ्यायला दोघी दुकानात गेल्या.

"मला ती चकचकीत हवीत," गाडी म्हणाली.

शेजारची साधी काळी चाकं म्हणाली, "त्यांचे टायर फार पातळ आहेत. घाटातले खड्डे त्यांना सोसणार नाहीत. आम्हाला घे."

"घाट कुठे पळून जातोय? एकदा लोकांना वळून बघू दे माझ्याकडे."

हेमांगीने तिचा हट्ट पुरवला. लोक खरंच वळून बघू लागले. पण घाटातल्या पहिल्याच खडबडीत वळणावर चाकं अशी करकरली, की हेमांगी घाबरून माघारी फिरली. काळी चाकं आणायला ती दुकानात गेली, तर ती केव्हाच विकली गेली होती आणि गाडीच्या मापाची दुसरी कुठेच मिळेनात.

मग हेमांगी भावाच्या जीपमधून घाटात जाऊ लागली. संध्याकाळी ती परतली की गाडी हळूच विचारायची, "आज धुकं होतं का गं?"

"होतं," हेमांगी म्हणायची आणि शेजारी बसून तिला एकेक वळण सावकाश सांगायची.