तुरुंगात धाडलेली रिकामी पिशवी

“बाबा, मंतरानं तुरुंगाचं दार उघडतंय का?”

रायाप्पा वस्तादानं इचारलं. तुरुंगाच्या फाटकासमोर लिंबाचं झाड हाय. त्येच्या बुडात आमचे भैरूगिरी बाबा बसायचे. मी त्येंचा जुना चेला. चेला म्हंजे चिलीम भरायची आन् आलेल्या माणसाची फजिती बघायची.

बाबा म्हणले, “दार कशाला उघडाय पायजे? फाटकाला खिडकी हाय की. पिशवी दे, जातीया आत.”

“जातीया. आन् परत येतीया.”

वस्तादाची मान खाली गेली.

ह्यो माणूस असा, की जल्मात कुणी त्येची पाठ मातीला लावली न्हाई. भरमू त्येचा एकुलता पोरगा. जत्रंतल्या भांडणात त्येनं एकाचं डोस्कं फोडलं. बापानंच त्येला दंडाला धरून चौकीत नेला, आन् सगळ्या गावादेखत म्हणला, तू कसल्याबी कामाचा न्हाईस.

तवापास्नं पोरगं आत भिंतीकडं तोंड करून पडलंय. भेटीला नाव पुकारलं तरी उठत न्हाई.

“धाडतोस काय?” बाबांनी पिशवी वडून घेतली.

बदाम. खारका. घडी न मोडलेले दोन सदरे. साबणाची वडी, शिपायानं मधनं कापून बघितलेली.

बाबांनी एक बदाम तोंडात टाकला. एक मला दिला. मग मूठच भरली.

“बाबा... ते पोराचं हाय.”

“पोरगं घेत न्हाई. आमी घेतो. कुणीतरी घ्याय नको का?”

वस्ताद खाली बसाय गेला आन् कण्हला. हात कमरंवर.

“काय झालं रं?”

“काय न्हाई. घसरलो.”

“कुठं?”

“...गोठ्यात.”

“आपुआप?”

वस्ताद कंबर चोळाय लागला. मी तेवढ्यात दोन खारका हाणल्या.

“म्हशीनं लाथ घातली,” वस्ताद शेवटी म्हणला. “भरमूची म्हस हाय. रेडकू हुती तवापास्नं त्येच्याच हातची. दुसऱ्याला धारंला बसू देत न्हाई. दूधच सोडंना झालीया.”

“पाठ लागली?”

“...लागली.”

“दोन्ही खांदं?”

“वरनं बादलीबी पडली.”

मला हसू आवरंना. मी झाडाआड जाऊन खोकल्यागत केलं.

बाबांनी पिशवीतलं सगळं आपल्या झोळीत वतलं आन् रिकामी पिशवी वस्तादाच्या हातात दिली.

“ही धाड आत. संगं कार्ड लिव्ह. म्हशीनं मला चीत केलं, दूध सोडंना, काय करू?”

“बाबा, कार्ड उघडं असतंय. पयलं शिपाई वाचत्यात.”

“वाचू दे की. त्येंचाबी येळ जात न्हाई.”

“आजपतूर माझी पाठ कुणी बघितली न्हाई. आन् ती मी जगाला सांगू?”

“जगाला कोण सांग म्हणतंय? पोराला सांग.”

वस्तादानं एकदा फाटकाकडं बघितलं, मग कार्ड मांडीवर घेतलं. एवढा दांडगा गडी, पेन्सिल कशी धरली हुती म्हणता, जणू तीच त्येला आडवी करणार हाय. मी म्हणलं, “वस्ताद, बादलीचंबी लिव्हा.” त्येनं माझ्याकडं असं बघितलं... पण लिव्हलं.

खिडकीवरल्या शिपायानं कार्ड वाचलं. दुसऱ्याला बोलावलं. त्येनंबी वाचलं. भेटीच्या रांगंतल्या बायकांनी पदर तोंडाला लावलं.

“वस्ताद, पिशवीत तर कायच न्हाई.”

“तशीच द्या.”

पिशवी आत गेली.

दर खेपंला ती घटकाभरात परत यायची. आज येईना. लिंबाची सावली पार फाटकापतूर सरकली. वस्ताद उठला, बसला, पुन्यांदा उठला.

मग खिडकी वाजली. पिशवी भायेर आली ती फुगून.

आत सदरा हुता. घामानं कडक झालेला, मळका. कैद्यांची कापडं अशीच भायेर येत्यात, घरची माणसं धुऊन परत नेऊन देत्यात. वस्तादाच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. त्येनं सदरा छातीशी धरला.

“धुऊन आणतो लगीच,” म्हणला.

“धुऊ नका,” शिपाई म्हणला. “भरमूचा निरोप हाय. आबास्नी सांगा, तसाच अंगात घालून धारंला बसा. तिला माझा वास लागतोय.”

वस्तादानं सदरा काखंत मारला.

“आन्... त्यो हसला का हो?”

“हसला? अख्ख्या बराकीला वाचून दाखवलं त्येनं. बादलीचं तर दोनदा.”

वस्ताद तिथंच मोठ्यानं हसला. त्येच्या डोळ्यांत पाणी हुतं, पण ते कंबरंमुळं आलं आसंल, आमाला काय ठावं.

पुढल्या बाजाराला लांबनंच घागर दिसली, वस्तादाच्या डोक्यावर. अंगात पोराचा सदरा, खांद्यावर टरकलेला, बटनं लागत नव्हती. आखाडा मारून आल्यागत चाल.

“सोडलं बाबा. हात लावला आन् धार लागली.”

रांगंत हुतं नव्हतं त्या सगळ्यास्नी त्येनं दूध पाजलं. मी तीन गलास प्यालो. खरंच म्हशीचं हाय का, बघाय नको?

तेवढ्यात फाटकातनं पुकारा झाला. “भरमू रायाप्पा. भेटीला कोण आलंय? पोरगा येऊन बसलाय.”

वस्ताद दोन पावलं गेला आन् थांबला. माघारी बाबांकडं आला.

“बाबा... समोर बसलाय त्यो. काय बोलू?”

बाबांनी मिशीवरची साय पुसली.

“आनखी काय काय येत न्हाई रं तुला?”