टाकीच्या तळाची बेडकी

"बोल गं चेटकिणी, माझी पिल्लं कुठं गेली?" मासोळी कडाडली. टाकीतले सगळे मासे तिच्या पाठीशी गोळा झाले. पाण्यात बोललेलं ऐकू यायचं, त्या काळची ही गोष्ट.

बेडकीने आवाजाकडे तोंड वळवलं. तिला धड दिसत नसे. टाकीचा मालक वरून दाणे टाकायचा. ते तळाशी आले असते, तर वासावर चाचपडत तिने खाल्ले असते. पण मासे वरच्या वरच फस्त करत. एकदा तिने हात पसरून मागितलं, तेव्हा हीच मासोळी म्हणाली होती, "वर येऊन खा की! पाट मांडून वाढायचं का तुला?" सगळे खदाखदा हसले होते. पुन्हा काही ती मागायला गेली नाही. पोट मात्र खपाटीला गेलं.

"वर आमच्यातलेच कुणी गिळतील, म्हणून मी पिल्लांना खाली तुझ्याजवळच्या शेवाळात लपवलं होतं गं!" मासोळी आता रडत होती.

 बेडकी म्हणाली, "बाई, इतके दिवस तुम्ही तळाशी एक दाणा येऊ दिला नाहीत, शेवटी जे तळाशी आलं, ते मी खाल्लं."