बत्तीस पावलांची हिरवळ

एकदा एक लाकडाचा व्यापारी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका वृद्ध माळ्याचा शिष्य झाला. वखारीतल्या लोकांना याची गंमत वाटली. पण कारण साधे होते. त्याच्या वडिलांचे गुडघे आखडले होते आणि डॉक्टरांनी सांगितले होते, "रोज सकाळी अनवाणी गवतावर चालवा. रस्त्यावर नको, फरशीवर तर नकोच. हे चालणं थांबलं तर ते अंथरूण धरतील." म्हणून व्यापाऱ्याने घरापुढच्या जागेत, जिन्यापासून रस्त्याच्या बाजूपर्यंत, हरळीची हिरवळ लावायचे ठरवले.

वृद्ध माळ्याला सारे गाव अण्णा म्हणे. त्यांनी जमीन खणून घेतली, हरळीच्या कांड्या लावून दिल्या. माती भुसभुशीत राहावी म्हणून व्यापाऱ्याने आपल्या वखारीतल्या सागाच्या बारीक ढलप्या तीत मिसळल्या. हिरवळ धरली. वडील काठी टेकत त्यावरून चालू लागले, मोठ्याने पावले मोजत. या टोकापासून त्या टोकापर्यंत बत्तीस पावले भरत.

मग अण्णांनी कड राखायला शिकवले. रस्त्याकडच्या टोकाला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणली आणि म्हणाले, "शेठ, हरळी हावरी असते. दर आठवड्याला दोरीबाहेर हात-पाय पसरते. बाहेर आलेलं तेवढंच कापायचं. खुंटी मात्र हलवायची नाही. आणि कापलेलं फेकू नका, पोत्यात भरून माझ्याकडे पाठवा."

"काय करणार त्याचं?"

"बघू," अण्णा म्हणाले.

शेजारी एक वकील राहत. त्यांच्याही घरापुढे हिरवळ होती, आणि तिची कड अशी की जणू सुताराने रंधा मारलेला असावा. रविवारी सकाळी रस्त्याने जाणारी माणसे तिथे थांबत. एकदा व्यापारी दोरीशी वाकलेला असताना त्याच्या कानांवर आले, "वकीलसाहेबांची कड बघा, पट्टीनं आखल्यासारखी!" त्याच्या हिरवळीकडे पाहून त्याच माणसाने "हीपण बरी आहे" असे म्हटले आणि तो पुढे गेला.

'बरी' हा शब्द व्यापाऱ्याच्या जेवणात खड्यासारखा आला. त्या दिवसापासून तो आपली कड कापताना दोरीकडे कमी आणि कुंपणापलीकडे जास्त पाहू लागला. त्याच्या ध्यानात आले की ताजी कापलेली कड धारदार दिसते आणि आठवड्याने ती ढासळते. मग त्याने एक युक्ती केली. दर रविवारी खुंटी जराशी आत घ्यायची, कधी एक बोट, कधी दोन, आणि नव्या रेषेवर कड कापायची. त्यासाठी लोहाराकडून हातभर रुंदीची पटाशी घडवून घेतली. कापलेल्या जागी तांबडी माती पसरली, म्हणजे हिरवा रंग उठून दिसतो.

तरी समाधान होईना. आपली कड सरळ झाली की वकिलांची अधिक सरळ भासे. वकील कुंपणावरून प्रसन्नपणे म्हणत, "काय शेठ, आज पण ऑपरेशन?" आणि व्यापाऱ्याला वाटे, हा माणूस मुद्दाम रविवारीच हसतो.

या सगळ्यात एक आनंदाची गोष्ट घडत होती. वडिलांची प्रकृती सुधारत होती. एके दिवशी ते काठी उंचावून म्हणाले, "मुकुंदा, आज एकोणतीस पावलांत पोचलो! पाऊल लांब पडायला लागलं." दोन महिन्यांनी सत्तावीस झाली. वर्ष संपून चार महिने गेले तेव्हा पंचवीस. वडिलांनी आपल्या बहिणीला पत्र लिहून ही बातमी कळवली. व्यापाऱ्यानेही वखारीत पेढे वाटले.

पण मत्सराला पेढ्याची चव लागत नाही. एका संध्याकाळी तो अण्णांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तडक म्हणाला, "अण्णा, तुम्ही वकिलाला काहीतरी वेगळं शिकवलंय."

"मी त्यांच्या फाटकातसुद्धा कधी गेलो नाही, शेठ."

"मग त्याची कड तशी आणि माझी अशी का?"

"तुमची कशी आहे?"

 आपली कड कशी आहे हे व्यापाऱ्याला सांगता येईना. वकिलांच्या कडेचे मात्र पाते न् पाते त्याला पाठ होते.

अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी या. तुमची पटाशी घेऊन या. एक हिरवळ दाखवतो."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला घरामागे नेले. हातपंपाच्या पलीकडे बांबूचा तट्ट्या होता. तो बाजूला सारताच व्यापारी जागीच थांबला. समोर हरळीचा एक पट्टा पसरला होता, दाट, गर्द, पाय ठेवायला संकोच वाटावा असा. कड थोडी वेडीवाकडी होती, पण गवत असे की वकिलांचे त्यापुढे फिके पडावे.

व्यापारी खाली वाकून कड न्याहाळू लागला. "कोणाची?" त्याने विचारले.

"सलतेय का?"

"खरं सांगू? सलतेय."

"मग कापा," अण्णा म्हणाले. "हवी तेवढी. मी काही बोलणार नाही."

व्यापाऱ्याला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण अण्णा खरोखरच हातपंपाच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि चुन्याची डबी उघडू लागले. तेव्हा त्याने पटाशी रोवली. कड वाकडीच आहे, सरळ करायला हवी, असे मनाशी म्हणत त्याने आधी हातभर, मग आणखी हातभर पट्टा कापला. त्यात त्याला बरे वाटत होते, आणि बरे वाटते आहे याची लाजही वाटत होती. तिसरा गड्डा उचलून त्याने उलटा केला.

मुळांत सागाच्या ढलप्या अडकलेल्या होत्या.

त्याने एक ढलपी काढली, अंगठ्याने माती पुसली. तीस वर्षे लाकडात वावरलेला हात. ती कुठल्या वखारीतली हे त्याला कोणी सांगायला नको होते.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "ही माझी आहे."

"तुमचीच. दर सोमवारी पोत्यातून येत होती. हरळीचं कांडं मातीला टेकलं की धरतं, मी फक्त पाणी घातलं." अण्णा उठून जवळ आले. "शेठ, पटाशी कधी शेजाऱ्याच्या अंगणात चालत नाही. त्याच्यावर डोळा ठेवून किती का कापा, त्याचं एक पातं कमी होत नाही. जातं ते आपलंच. आणि आता बघा, आपलंच तोडलेलं दुसऱ्याच्या दारात हिरवं दिसलं, तर त्याचाही हेवा केलात."

व्यापारी ओंजळीत गड्डा धरून उभा होता. "किती गेली असेल हो?"

"ते मला नका विचारू. तुमच्या घरी रोज मोजणारं माणूस आहे."

क्षणभर त्याला काही समजले नाही. मग समजले, आणि बत्तिसातून पंचवीस वजा करत तो हातगाडी आणायला निघाला.

त्याच दिवशी हातगाडीवरून हिरवळ घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील नेहमीप्रमाणे चालायला निघाले. पंचविसाव्या पावलाला कड लागली, ते थांबले आणि वळू लागले.

"बाबा," व्यापारी म्हणाला, "अजून सात."

"पुढे माती आहे की रे."

"असू द्या. माझा हात धरा."

वडील मातीतून सात पावले चालले. बत्तिसावे पाऊल टेकवून त्यांनी मागे पाहिले, तांबडा पट्टा पाहिला, मुलाच्या पायाशी पडलेल्या खुंट्या पाहिल्या. 

"म्हणजे गुडघे सुधारले नव्हते तर," ते म्हणाले.

व्यापाऱ्याची मान खाली गेली. "चूक माझी आहे, बाबा."

"आत्याला आता दुसरं पत्र लिहावं लागेल," वडील म्हणाले. मग काठीचे टोक मातीत दाबून त्यांनी एक भोक पाडले. "ही जागा. ठोक खुंटी. आणि ती पावलं मी मोजत राहणार आहे, लक्षात ठेव."

त्या मातीवर परत लावलेले गड्डे एकमेकांना धरायला श्रावण संपला. जोड बरेच दिवस दिसत राहिले. एका रविवारी वकील कुंपणावरून म्हणाले, "शेठ, कड जरा वाकडी झाली की हो तुमची!" व्यापाऱ्याला ते पुन्हा सलले. हात खुंटीकडे गेला. मागून आवाज येत होता, सावकाश, दम घेत घेत, एकोणतीस... तीस...

त्याने हात मागे घेतला आणि बाजूला सरून वाट मोकळी केली.

शेजाऱ्याकडे पाहून पटाशी उचलण्याआधी इतकेच पाहावे, की आपल्या घरात त्या गवतावर कोण चालते आहे.