पाळन्यातला वरवंटा

एकदा एक म्हातारा गुरू चेल्याला घिऊन डोंगरातल्या वस्तीवर गेला. दिवस मावळत व्हता. चुली पेटलेल्या, कोंबड्या खुराड्यात, पारावर तरनी पोरं पत्ते पिटत बसलेली, पर एका लेकराचा आवाज न्हाई. आन् घराघरात पाळना हलत व्हता.

चेल्यानं एका पाळन्यात वाकून बघितलं. आत वरवंटा निजवलेला. त्याला कुंची घातलेली, काजळ लावलेलं. चेला दचकून मागं सरला.

"हळू बोला," पाळना हलवनारी भिवरा म्हनली. "आत्ताच डोळा लागलाय."

तिची थोरली दोन पोरं विटभट्टीवाल्यानं आगाऊ पैशाची उचल देऊन कामाला नेली व्हती. सगळ्या वस्तीचं तसंच; रिकाम्या पाळन्यात बाया वरवंटा निजवायच्या. धाकटी चिमी तेवढी राहिलेली, कोपऱ्यात गुमान बसलेली. बाजार झाला की भट्टीवाला तिला न्यायला येनार व्हता.

चेला पेटला. झोळीतलं सगळं पीठ त्यानं भिवराच्या पदरात वतलं. "घे! पोरगी देऊ नगंस!"

म्हाताऱ्यानं काय करावं? पीठ काढून घेतलं. पाळन्यातला वरवंटा उचलला आन् धाडदिशी पाट्यावर ठिवला.

"माझं लेकरू!" भिवरा किंचाळली.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं?" चेला वरडला.

"दगड हाय त्यो, बाई," म्हातारा म्हनला. "लेकरू त्या कोपऱ्यात बसलंय, जितं. आन् तू रं शहान्या, पीठ सरंल, सरलं की भट्टीवाला दारात. मागच्या साली बी कुनीतरी धान्य वाटून गेलं. पोरं राहिली का? ह्या सुपात कारळं हाय. हे लोक ते कच्चंच यापाऱ्याला कवडीमोल इकत्यात. चटनी वाटून इकू दे. ती पारावर पत्ते पिटनारी तरनी पोरं उठव, डबं त्यांनी न्यायचं."

आजबी धान्याची गोनी टाकून फोटू काढनारे येत्यातच की. आयला, त्या गोनीवर लेकरू किती दिस राहनार?

बाजारापातुर वस्तीत नुसती पाट्यांची खरखर. पोरांनी डबं बाजाराला नेलं. तालुक्याच्या खानावळवाल्यानं चटनी चाखली आन् म्हनला, "दर बाजाराला आना."

बाजाराच्या दुसऱ्या दिशी भट्टीवाला आला. एकबी पाळना हलत न्हवता.

"कुठाय पोरगी?"

भिवरानं वाटता वाटता डबं न्हेनाऱ्या तरन्या पोरांकडं बोट केलं. "न्हाई देनार. उद्या ही सगळी येत्यात, थोरल्या दोघांना न्यायला."

त्यानं पोरांकडं बघितलं आन् आल्या पावली निघून गेला.

तेवढ्यात चिमीनं पाट्यावरची चटनी चाटली आन् भोकाड पसरलं, "आये, जाळ!" साऱ्या बायांचे हात थांबले. चेला पानी आनायला पळाला, तर म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला.

"थांब. रडू दे जरा. बाया ऐकतायत."