जांभळीला विचारलं होतं

“म्हणजे मी अजून तयार नाही, असंच ना, बुवा?”

हेरंबांनी हे विचारलं तेव्हा बुवा वाती वळत होते. हेरंब म्हणजे माझे हे. लग्न नवंच आहे. ‘हे’ म्हणताना जीभ अजून अडखळते.

डोंगराखालच्या त्या मठात बुवा एकटेच राहतात. अनुग्रह कुणाला द्यायचा, कुणाला नाही, ते तेच ठरवतात. कारण सांगत नाहीत. ह्यांना आधी परत पाठवलं होतं. ‘ह्या खेपेला नाही म्हणाले तर पुन्हा पायरी चढणार नाही,’ असं हे येताना गाडीत म्हणाले होते. मी खिडकीबाहेर बघत होते.

“तुला काय वाटतं?” बुवांनी विचारलं. “आहेस तयार?”

“वाटत नाही, बुवा. दिसतं. तुमच्यात, माझ्यात, त्या जांभळीत… एकच आहे. सगळीकडे तोच.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

बुवांनी वळलेली वात ताटलीत ठेवली. दुसरी घेतली.

“बरं. मग आधी ती फांदी उतरव.”

अंगणातल्या जांभळीची एक फांदी मठाच्या कौलांवर टेकली होती. वारा आला की कौलं सरकायची. आम्ही आदल्या दुपारीच आलो होतो आणि बुवांनी ते काम तेव्हाच सांगून ठेवलं होतं, कारण इकडची रीत आहे: झाड तोडायचं असो की नुसती छाटणी, आदल्या संध्याकाळी झाडाला विचारायचं.

ह्यांनी विचारलं होतं. हळदकुंकू वाहून, अक्षता टाकून, हात जोडून.

“आई, उद्या तुझी एक फांदी घेईन म्हणतो. घेऊ ना? तुझ्या अंगाखांद्यावर जे कुणी राहतात, त्यांनाही सांग…”

इतका मऊ आवाज, की मी चमकून बघितलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता ह्यांनी गाडीतून निळी पेटी आणली. आत बॅटरीची करवत. एका हातात मावेल एवढी, पुढे छोटं पातं, त्यावर फिरणारी साखळी. मठातल्या कामांसाठी म्हणून खास मागवली होती. घरी पेरूवर चालवून झाली होती आणि मग, काही कारण नसताना, जास्वंदीवर.

“कोयता आहे की कोपऱ्यात,” बुवा म्हणाले.

“कोयत्याने दुपार होईल, बुवा. हिला दोन मिनिटं लागतात.”

हिला म्हणजे करवतीला.

हे घडवंचीवर चढले. अंगठ्याने खटका दाबला, बोटाने घोडा ओढला. करवत किंचाळली. बुवांच्या ताटलीतला कापूस उडाला.

पातं टेकताच फांदी थरथरायला लागली.

“अगं!”

अगं म्हणजे मी.

“ओट्यावर चढ आणि धर जरा. हलतेय.”

मी चढले. फांदी धरली.

“शेंड्याला काय धरतेस? इकडे.”

मी इकडे सरकले.

“अजून इकडे. भितेस काय अशी?”

मी अजून इकडे सरकले. साखळीचं तेल आता नाकाशी येत होतं. हिरवा चुडा फांदीबरोबर थरथरत होता, त्याचा आवाज मात्र करवतीत ऐकू येत नव्हता. मी साखळीकडे बघत नव्हते. ह्यांच्याकडे बघत होते. हे फांदीकडे बघत होते.

“अहो, हात…”

“घट्ट धर म्हणजे झालं.”

भुसा तोंडावर यायला लागला. मी डोळे बारीक केले. पातं थोडं आत गेलं, अडकलं. ह्यांनी हिसका दिला. ते सुटलं आणि उसळलं…

मनगटापाशी काहीतरी गार लागून गेलं.

चुड्यातली एक बांगडी वाढली. फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हात जागेवर होता. मी बोटं हलवून बघितली.

“हलू नकोस म्हटलं ना!” हे ओरडले. आणि करवत पुन्हा फांदीला लावली.

वाती वळायचं थांबलं होतं.

बुवा उठले. ओट्याखाली हिरव्या काचेचा तुकडा पडला होता. वाकून त्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला, मुठीत ठेवला. मग ओट्यावर चढले. त्यांना चढायला वेळ लागतो. करवत चालूच होती.

“सूनबाई, जरा सर.”

मी बाजूला सरले. माझा हात होता बरोबर त्याच जागी बुवांनी आपला हात ठेवला. काटकीसारखी बोटं. त्यावर निळ्या शिरा.

“हं. चालव.”

“बुवा, तुम्ही कशाला? ती धरेल.”

“मी धरतो. चालव.”

“हात फार जवळ आहे, बुवा.”

“मग फांदी हलणार नाही. चालव.”

ह्यांनी पातं थोडं मागे घेतलं.

“निदान शेंड्याकडे तरी धरा…”

बुवांनी हात सरकवला. शेंड्याकडे नाही, पात्याकडे.

“अजून इकडे?” त्यांनी विचारलं.

साखळी फिरत होती. बुवांच्या अंगठ्यावर भुसा पडत होता. ते झटकत नव्हते. ह्यांच्या कानशिलावरून घाम खाली उतरला. तो ह्यांनी एका हाताने पुसला. दुसऱ्या हातात चालू करवत होती…

“बुवा, हात काढा.”

“का?”

“लागेल!”

“लाकूड कापतोयस ना?”

“बुवा, पाया पडतो तुमच्या. हात काढा!”

बुवांनी हात काढला नाही.

ह्यांनी घोडा सोडला.

साखळी थांबली. मठात एवढी शांतता असते, हे मला तेव्हा कळलं. कौलांवर एक खार होती. तीही थांबली होती.

“माझ्याने नाही होणार,” हे म्हणाले.

“का रे? तो तर सगळीकडे आहे.”

“पण… हा तुमचा हात आहे, बुवा.”

“आहे.”

बुवांनी हाताकडे नवलाने बघितलं, कुणी आत्ताच आणून दिल्यासारखं.

“आणि मघाशी इथे काय होतं?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग खाली. मनगटावर एक बारीक लाल रेघ होती. मी ती पदराखाली घेतली. का घेतली कोण जाणे. सवय इतक्या लवकर लागते.

हे घडवंचीवरून उतरले. बॅटरी काढली. पेटीत ठेवताना ती दोनदा हातातून निसटली.

फांदी अर्धी चिरलेली, तशीच कौलांवर.

बुवा पुन्हा आपल्या जागी बसले. मूठ उघडून काचेचा तुकडा वातींशेजारी ठेवला. कापूस हातात घेतला.

हे अंगणात उभेच. मग हळूच, शाळेतल्यासारखं…

“बुवा… अनुग्रह?”

“फांदी राहिलीय अजून.”

“कोयत्याने उतरवतो. आत्ता.”

“आत्ता नको. उद्या.” बुवांनी वात वळली, टोकाला पीळ दिला. “आज संध्याकाळी नीट विचारून घे.”

ह्यांना जरा धीर आला. जांभळीकडे वळले.

“विचारतो. हळदकुंकू आहे अजून उरलेलं.”

बुवांनी मान वर केली नाही.

“जांभळीला काल विचारलंस.”